ब्रॉन्कहोर्स्ट, सिंट आना, स्टाव्हर्डन: नेदरलँड्समधलं सर्वांत छोटं 'शहर' नेमकं कोणतं?

आयसेलकाठ

नेदरलँड्समध्ये पूर्वेला, आयसेल नदीच्या काठी ब्रॉन्कहोर्स्ट नावाची वस्ती आहे. दीडशेच्या आसपास माणसं, दगडी फरसबंदीचे मोजके रस्ते, विटांची जुनी शेतघरं आणि एक चॅपल. दहा-पंधरा मिनिटांत सगळं गाव पायी फिरून होतं. तरी ते 'शहर' आहे, कारण १४८२ साली त्याला शहराची सनद मिळाली. प्रवासाच्या लेखांत 'देशातलं सर्वांत छोटं शहर' म्हणून बहुतेक वेळा हेच नाव येतं.

पण या मानावर आणखी दोन गावं हक्क सांगतात. झेलँड प्रांतात बेल्जियमच्या सीमेला लागून असलेलं सिंट आना तर मॉइडन (सनद १२४२, वस्ती पन्नासच्या आसपास) आणि फेलुवेच्या जंगलपट्टीतलं स्टाव्हर्डन (सनद १२९८, वस्ती त्याहूनही थोडी कमी).

डच भाषेत 'स्टाड' हा एकच शब्द आहे. इंग्रजीसारखा टाउन आणि सिटी असा भेद तिथे नाही. जुन्या काळी हे बिरुद लोकसंख्येवर मिळत नसे, त्याला राजाची किंवा सरदाराची सनद लागे. 'आधी शहर होतं, मग ओस पडलं' असं सरसकट लिहिलं जातं ते मला पटत नाही. या तिघांपैकी दोन ठिकाणी मोठं शहर कधी वसलंच नाही. जाणकारांनी भर घालावी.

मोडीवाचक

सनदेत नेमकं काय असे ते आधी स्पष्ट करू, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

'स्टाड्सरेख्ट' हा एकच हक्क नव्हता, हक्कांचा जुडगा होता. त्यातला सर्वांत महत्त्वाचा हक्क स्वतःच्या न्यायसभेचा. धन्याचा एक अधिकारी (स्खौट) आणि गावातल्या प्रतिष्ठितांतून नेमलेले न्यायपंच (स्खेपेनन) मिळून निवाडा करत. त्यामुळे शहरातल्या माणसाला बाहेरच्या कोर्टात खेचता येत नसे. त्याखालोखाल बाजार भरवण्याचा हक्क, वजनकाट्याचं घर, धन्याच्या हद्दीत जकातमाफी, तटबंदीची परवानगी आणि स्वतःचा शिक्का. शहरात नाव नोंदवलेल्या नागरिकाला 'पोर्टर' म्हणत. बऱ्याच सनदांत असंही कलम असे की भूदास शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला आणि त्या मुदतीत मालकाने दावा सांगितला नाही, तर तो मोकळा.

प्रत्येक जुडग्यात हे सगळंच असे असं मात्र नाही. कुठे तटबंदी मिळे पण जकातमाफी मिळत नसे. 'सनद होती' हे कळल्यावर 'तिच्यात काय होतं' हा प्रश्न उरतोच.

सनदा बहुधा कोऱ्या कागदावर लिहिल्या जात नसत. एका शहराचा कायदा दुसऱ्याला लावत. हॉलंडचा काउंट दुसरा विल्यम याने १२४५ मध्ये हार्लेमला सनद दिली, ती सेर्टोखेनबॉसच्या धर्तीवर, आणि सेर्टोखेनबॉसची मुळात लूव्हेनवरून घेतलेली. हार्लेमवरून मग डेल्फ्ट (१२४६) आणि आल्कमार (१२५४). गेल्डरलँडमध्ये झुटफन हे असंच आईशहर, आर्नेमची १२३३ ची सनद त्याच घराण्यातली. निवाड्यात पंच अडले तर ते आईशहराच्या पंचांकडे सल्ला मागायला जात.

आपल्याकडे नवी पेठ वसवताना अमुक वर्षं करमाफीचा कौल देत, त्याची आठवण होणं साहजिक आहे. पण कौल मुख्यतः कराविषयी असे. इथे गाभा न्यायाधिकाराचा आहे. म्हणून मी 'शहरहक्क' किंवा 'सनद' म्हणतो, 'कौल' म्हणत नाही.

वाळवंटातली_होडी

पण सरदार हे हक्क का देत? आपला अधिकार कमीच होतो ना?

मोडीवाचक

बदल्यात रोख पैसा मिळे. सनदेच्या वेळी एकरकमी, पुढे ठरावीक कर, आणि लढाईला माणसं. शिवाय तटबंदी असलेलं निष्ठावान शहर म्हणजे शेजारच्या सरदाराविरुद्ध एक ठाणं, आणि तटाचा खर्च शहरवासीयांच्या माथी. १३व्या शतकात सनदा भराभर दिल्या गेल्या त्या यामुळेच. यातल्या काही म्हणजे निव्वळ गुंतवणूक होती, आणि प्रत्येक गुंतवणूक फळली नाही.

दर्यावर्दी

सिंट आनाबद्दल लिहितो. वर 'दोन ठिकाणी मोठं शहर वसलंच नाही' असं म्हटलंय, त्यातून सिंट आनाला वगळलंय ते योग्यच आहे. ते खरोखरच चालतं बंदर होतं.

११३४ च्या मोठ्या वादळी पुरात समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी रुंद झाली. त्या खाडीमुळे ब्रुज शहराला समुद्र मिळाला. पण मोठी जहाजं ब्रुजपर्यंत पोचत नसत, म्हणून खाडीच्या काठाने उपबंदरांची माळ तयार झाली: डामे, मोनिकेरेडे, हुके, स्लॉइस आणि खाडीच्या तोंडाशी म्यूडे. म्यूडे म्हणजे 'मुख', नदीचं किंवा खाडीचं. आजच्या नावातलं 'मॉइडन' तेच. सनद १२४२ ची, म्हणजे शेजारच्या स्लॉइसच्या (१२९०) जवळजवळ पन्नास वर्षं आधीची.

गाळ भरण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भरतीचं पाणी वाळू आत आणतं, आणि ती परत बाहेर नेण्याचं काम ओहोटीचा जोर करतो. हा जोर आत किती पाणी साठतं त्यावर ठरतो. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या खारजमिनीला बांध घालून शेतं काढत गेले तसतशी पाणी साठायची जागा आक्रसली, ओहोटी दुबळी झाली आणि वाळू आतच बसू लागली. जमीन मिळवण्याच्या हव्यासात बंदर गेलं. कोकणात खाजणाला बांध घातल्यावर खाडीचं तोंड कसं वागतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यावर डचांचं स्पेनविरुद्धचं ऐंशी वर्षांचं युद्ध आलं. स्लॉइस १५८७ मध्ये स्पेनच्या बाजूने पार्माच्या ड्यूकने घेतलं आणि १६०४ मध्ये डच सेनापती मॉरिट्सने परत जिंकलं. सैन्याला अडवायला या भागातले बांध मुद्दाम फोडले जात, शेतात खारं पाणी सोडलं जाई. युद्ध संपलं तेव्हा ही पट्टी डचांकडे राहिली, आणि ब्रुज मात्र सीमेपलीकडे. ज्या शहराच्या जिवावर बंदर उभं राहिलं तेच परक्या राज्यात गेलं.

आज तिथे विटांचा एक भला थोरला मध्ययुगीन मनोरा उभा आहे आणि त्याला चिकटून १७व्या शतकातलं इवलंसं चर्च. मूळ चर्च मनोऱ्याच्या मापाचं होतं, ते गेलं. त्या दोन मापांतला फरक पाहिला की गावाचा उतार कळतो, पाटी वाचावी लागत नाही. समोर चौक आणि चौकात पाण्याचा पंप. १८८० पर्यंत ही स्वतंत्र नगरपालिका होती, मग स्लॉइसमध्ये विलीन झाली.

वनवाट

स्टाव्हर्डन या तिघांत सर्वांत विलक्षण, कारण तिथे पाहायला शहराचं काहीच नाही. रस्ता, झाडी, ओढा, पाणचक्की, काही घरं आणि १९०५ मध्ये नव्याने बांधलेली गढी.

सनद गेल्डर्सचा (आजच्या गेल्डरलँडचा) काउंट पहिला राइनाल्ड याची. हाच राइनाल्ड १२८८ मध्ये वोरिंगनच्या लढाईत हरला आणि कैद झाला. सुटकेनंतर त्याच्यावर कर्जाचा डोंगर होता आणि त्याच्या मुलखाचा कारभार बराच काळ सासऱ्याच्या, म्हणजे फ्लँडर्सच्या काउंटच्या, ताब्यात होता. लढाईनंतर दहाच वर्षांनी ही सनद येते. नवीन उत्पन्न उभं करण्याचा प्रयत्न म्हणून ती वाचावी असं माझं मत आहे, आणि हे मतच आहे.

जमलं का नाही ते नकाशावर दिसतं. फेलुवेची जमीन वाळूची, हलकी. मोठी नाव जाईल अशी नदी नाही, ओढा चक्की फिरवण्यापुरता. आणि पायी अर्ध्या दिवसाच्या अंतरावर झॉइडरझे या उपसागराच्या किनाऱ्यावर हार्डरवाइक, ज्याला १२३१ पासून सनद होती आणि जे हान्झा व्यापारसंघातलं बंदर होतं. हार्डरवाइकचा बाजार सोडून वाळूतून आत कोण येणार?

पांढऱ्या मोरांची परंपरा मात्र टिकली. गेल्डर्सच्या राज्यकर्त्यांच्या शिरस्त्राणावर मोरपिसांचा तुरा असे आणि ती पिसं स्टाव्हर्डनने पुरवायची अशी परंपरा सांगतात. आजही तिथे पांढरे मोर पाळले जातात. ही वेगळी जात नाही. आपल्या भारतीय मोराचाच रंगद्रव्य नसलेला प्रकार आहे, आणि डोळे लाल नसतात म्हणून त्याला अल्बिनो म्हणणं चूक.

आयसेलकाठ

वनवाट, उत्तम. आता ब्रॉन्कहोर्स्ट का वाढलं नाही तेही मांडतो.

तिथलं घराणं किरकोळ नव्हतं. झुटफन परगण्यातल्या चार मानाच्या सरदार घराण्यांपैकी ते एक, आणि १४व्या शतकात गेल्डर्समध्ये 'हेकेरेन' आणि 'ब्रॉन्कहोर्स्ट' या दोन पक्षांत जी दीर्घ भाऊबंदकी चालली तिच्यातल्या एका पक्षाला याच घराण्याचं नाव आहे. टेकाडावर त्यांचा किल्ला होता, आणि १३४४ चं चॅपल मुळात त्या किल्ल्याचं.

अडचण अशी की सनद आली १४८२ मध्ये, फार उशिरा. तोवर आयसेलवरचा व्यापार झुटफन, डूसबर्ख आणि डेव्हेंटर यांनी वाटून घेतला होता. झुटफन तर साधारण १० किलोमीटरवर. म्हणजे ही सनद व्यापारापेक्षा घराण्याच्या प्रतिष्ठेची जास्त होती. गावाची पोट भरण्याची सोय म्हणजे किल्ला. १५५३ मध्ये शेवटचा सरदार योस्ट निपुत्रिक वारला, मालमत्ता नात्यातून फिरत लिम्बुर्ख-श्टिरुम घराण्याकडे गेली, १७व्या शतकात किल्ल्याचे अवशेषही उतरवले गेले. टेकाड तेवढं राहिलं.

गंमत अशी की याच अपयशामुळे गाव जपलं गेलं. १९व्या शतकात झुटफनने वाढायला जागा हवी म्हणून आपली तटबंदी पाडायला घेतली. ब्रॉन्कहोर्स्टमध्ये पाडून नवं बांधावं असं कुणाला वाटलंच नाही.

आकडेमोड

'सर्वांत छोटं' ठरवताना आकडा कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे. डच सांख्यिकी कार्यालय (सीबीएस) 'बुर्ट' म्हणजे मोहल्ला या पातळीवर लोकसंख्या देतं. त्यात दोन खाचखळगे आहेत.

एक, छोट्या बुर्टचे आकडे खासगीपणा जपायला पाचच्या पटीत दिलेले असतात. चाळीस माणसांच्या गावात पाचचा फरक हा फार मोठा फरक आहे. दोन, बुर्टची हद्द आणि जुन्या शहराची हद्द एक नसते. भोवतालची शेतघरं त्यात धरली की आकडा फुगतो, नुसती गावठाणातली घरं मोजली की घटतो. एकाच गावाचे दोन वेगळे आकडे दिसले तर बहुतेक वेळा हेच कारण.

म्हणून तुलना करताना तिन्ही गावांना एकच माप लावा. जुनी हद्द पाहायची असेल तर डच भूमापन खात्याची 'टोपोटाइडरेइस' ही मोफत सेवा वापरा. गावाचं नाव टाकायचं आणि बाजूची वर्षाची पट्टी खाली-वर सरकवायची, १८१५ पासूनचे नकाशे एकावर एक दिसतात. १८५० च्या आसपासचा नकाशा आणि आजचा यांत ब्रॉन्कहोर्स्टचे रस्ते जवळपास तेच आहेत हे दोन मिनिटांत दिसेल. नाव टाकूनही गाव सापडलं नाही तर जवळच्या मोठ्या गावापासून सुरुवात करा, शोधपेटीला जुनी स्पेलिंगं ओळखता येत नाहीत.

वाळवंटातली_होडी

कायद्याने आज यांना 'शहर' म्हणून काही वेगळं मिळतं का?

मोडीवाचक

नाही. डचांच्या बटाव्हियन क्रांतीनंतर, १७९८ पासून, या विशेष हक्कांचा पाया ढासळत गेला. मध्ये १८१४ च्या व्यवस्थेत शहर आणि ग्रामीण भाग असा भेद पुन्हा आला. शेवटी डच मुत्सद्दी टॉर्बेके याच्या १८५१ च्या नगरपालिका कायद्याने तो पुसला. तेव्हापासून कायद्याला फक्त नगरपालिका माहीत आहे, 'स्टाड' ही उपाधी इतिहासापुरती.

म्हणूनच चमत्कारिक चित्र दिसतं. दीड लाखाहून जास्त वस्तीचं आपलडोर्न जुन्या अर्थाने शहर नाही, कारण त्याला मध्ययुगात सनद मिळाली नाही. डेन हाखलाही (म्हणजे हेगला) मिळाली नव्हती. तिथे काउंटचा दरबार होता, पण तट आणि सनद नाही. शहराचा दर्जा त्याला १८०६ मध्ये राजा लुई नेपोलियनने दिला. आणि स्टाव्हर्डनमध्ये चाळीसेक माणसं, ते 'शहर'.

गावाच्या वेशीवरची निळी पाटी पाहूनही फसू नका. निळ्या पाटीचा अर्थ इथून दाट वस्तीचे वाहतूक नियम लागू, एवढाच. सनदेशी तिचा संबंध नाही.

दोनचाकी

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी. सर्वांत जास्त गोंधळ नावांचा होतो, म्हणून तिकीट काढण्याआधी हे पाहा.

स्टाव्हर्डन आणि स्टाव्होरन वेगळी. स्टाव्होरन फ्रीसलँडमध्ये आहे, तिथे रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे ॲप तेच सुचवतं. तुम्हाला जायचंय ते एर्मेलोजवळ. तसंच नुसतं 'मॉइडन' टाकलं तर ॲम्स्टरडॅमजवळचं किल्ल्याचं गाव येतं, झेलँडमधलं नाही. ब्रॉन्कहोर्स्ट गावाच्या स्पेलिंगमध्ये नुसता 'के' आहे. 'सीके' असलेलं नाव २००५ मध्ये पाच नगरपालिका एकत्र करून झालेल्या मोठ्या नगरपालिकेचं. तिचं कार्यालय हेंगेलोला आहे, पण गेल्डरलँडमधल्या. ज्या हेंगेलोला रेल्वे जाते ते ओव्हरआयसेलमध्ये, तिथे उतरलात तर दिवस गेला.

ब्रॉन्कहोर्स्ट: आर्नेम-झुटफन मार्गावर ब्रुमन स्टेशन. स्प्रिंटर घ्या, इंटरसिटी तिथे थांबत नाही. स्टेशनपासून नदीपर्यंत तीन-चार किलोमीटर, मग फेरीबोटीने आयसेल ओलांडायची, की गाव समोरच. फेरीबोट मोटारीही नेते. मात्र पाणी चढलं की उताराचे रस्ते बुडतात आणि ती बंद होते, हिवाळ्यात वेळाही कमी असतात. निघण्याआधी फेरीबोटीचं वेळापत्रक आणि पाण्याची सूचना दोन्ही बघा. बंद असेल तर झुटफनला उतरा आणि तिथून नदीच्या पूर्वेकडून सायकलने या, अंतर साधारण १० किलोमीटर. झुटफनला उतरलातच तर साखळीने बांधलेल्या ग्रंथांचं १६व्या शतकातलं ग्रंथालय चुकवू नका.

सायकल रेल्वेत न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० या वेळेत नेता येत नाही. घडीच्या सायकलला दोन्ही लागू नाही, पण ती घडी घातलेलीच हवी.

दर्यावर्दी

सिंट आनाला रेल्वे नाही. त्या पट्टीत प्रवासी रेल्वेच नाही. दोन रस्ते.

डच बाजूने: फ्लिसिंगन स्टेशनच्या बाहेरूनच ब्रेस्केन्सची फेरी सुटते. ती फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी, २००३ मध्ये वेस्टरस्खेल्डे खाडीखालचा बोगदा सुरू झाल्यापासून मोटारी तिच्यावर घेत नाहीत. बोगदा ६.६ किलोमीटरचा आहे आणि त्यातून सायकल चालवता येत नाही, म्हणून सायकलवाल्याने फेरीच धरावी. ब्रेस्केन्सहून स्लॉइस, स्लॉइसहून पश्चिमेला दोनेक किलोमीटर.

बेल्जियमच्या बाजूने, आणि मला हाच जास्त आवडतो: ब्रुजहून डामेमार्गे स्लॉइस, नेपोलियनच्या हुकमाने खणलेल्या कालव्याच्या काठाने. सपाट, सरळ, दुतर्फा वाऱ्याने कललेली पॉप्लरची झाडं. पंधरा-सोळा किलोमीटर. बोट मात्र डामेपर्यंतच जाते, पुढचा कालवा तुटलेला आहे, त्यामुळे 'बोटीने स्लॉइस' असा बेत करू नका. वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. येतानाचा वेळ दीडपट धरा.

स्लॉइसमध्ये शहराच्या घंटेचा मनोरा पाहा. बेल्जियममध्ये असे पुष्कळ आहेत, नेदरलँड्समध्ये हा एकच. घंटा, सनद आणि तुरुंग ठेवायची ती जागा. मोडीवाचकांनी वर सांगितलेला हक्कांचा जुडगा विटांत पाहायचा तर तो इथे.

बर्फवाट

छोट्या सनदी शहरांचा विषय निघालाय तर फ्रीसलँड राहायला नको. तिथल्या 'अकरा शहरां'पैकी स्लोटेन हे सातशेच्या आसपास वस्तीचं. आणि तिथे 'शहर' ही उपाधी आजही कामाची आहे, कारण सुमारे २०० किलोमीटरची बर्फावरची स्केटिंग फेरी या अकरा शहरांतूनच जाते आणि प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. १९०९ पासून ती फक्त पंधरा वेळा झाली, शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. संपूर्ण मार्गावर १५ सेंटिमीटर बर्फ हवा, पुलांखाली तो धरत नाही आणि तिथेच गाडं अडतं. बर्फाची वाट पाहायची नसेल तर पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी बोल्सवार्डहून सायकलची फेरी असते, २३५ किलोमीटर.

आयसेलकाठ

आकडेमोड यांच्या मापाने पाहता सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर देतो. आजच्या डोक्यांनी मोजलं तर स्टाव्हर्डन सर्वांत छोटं. पण चौक, रस्ते, चर्च असं शहराचं काही शिल्लक हवं असेल तर सिंट आना. ब्रॉन्कहोर्स्ट तिसरं. तरी जाऊन पाहण्यासारखं मला तेच जास्त वाटतं, त्याची मांडणी सलग टिकली आहे.

वाळवंटातली_होडी

स्टाव्हर्डनला मोरांसाठी जायचं तर कधी?

वनवाट

एप्रिलचा शेवट ते जून. विणीचा काळ संपला की जुलै-ऑगस्टमध्ये नर पिसारा गाळतो, मग पुढचे काही महिने मोर आणि लांडोर लांबून ओळखू येत नाहीत. स्टेशन एर्मेलो, आमर्सफोर्ट-झ्वोल मार्गावर, तिथून सात-आठ किलोमीटर सायकल. वाटेतल्या माळावर रोमन सैन्याच्या छावणीचा मातीचा बांध अजून ओळखता येतो, तिथे थांबा. चौकातले हिरव्या अंकांचे सायकल-फलक लक्षात ठेवा: निघताना नकाशावरून चार-पाच अंक क्रमाने कागदावर उतरवून घ्या आणि एकेक अंक शोधत चला. जंगलात मोबाइलची रेंज गेली तरी वाट चुकत नाही. गढी आतून एरवी बघायला मिळेलच असं नाही, पण ओढ्याकाठच्या पायवाटा खुल्या असतात. मोरांना खायला घालू नका, आणि पडलेलं पीस दिसलं तरी विचारल्याशिवाय उचलू नका.